बाहेरून कडी

अण्णांनी काड्यापेटीला दोरा बांधला, ती टेबलाच्या कडेवरून खाली सोडली आणि दोन बोटांवर दोरा गुंडाळत इंचाइंचाने वर घ्यायला सुरुवात केली.

“ह्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही,” ते म्हणाले, “आणि ठेवूही नका. पण त्या शहरातल्या लिफ्टा ह्याहूनही हळू चालायच्या. एक गडी मुलीला मागणी घालायला तळमजल्यावरून निघाला. पाचव्या मजल्यावर पोचेपर्यंत तिचं लग्न होऊन दोन मुलं झाली होती. दार उघडायला धाकटा आला.”

“मागच्या वेळी एकच मूल होतं,” समोर बसून मटार सोलणाऱ्या माई म्हणाल्या.

“मागच्या वेळी लिफ्ट नवी होती.”

सूनबाई खुदकन हसली. मास्तर हसला नाही. अण्णांचा हा एकुलता एक मुलगा शाळेत गणित शिकवायचा, म्हणून घरात सगळे, अगदी आईबापसुद्धा, त्याला मास्तरच म्हणायचे. परीक्षेत तो कुणाला अर्धा गुण जास्त द्यायचा नाही. पण वडिलांच्या त्या युरोपातल्या आठ महिन्यांच्या गोष्टी म्हणजे त्याच्या लेखी गणित नव्हतं आणि विनोदही नव्हता. तो इतिहास होता. नवरदेव, धाकटा वगैरे वरची फोडणी आहे हे त्यालाही कळायचं. पण फोडणी आहे म्हणजे खाली काहीतरी शिजलेलं असणारच, असा त्याचा साधा हिशेब.

आणि म्हणूनच तो ह्या सुट्टीत सगळ्यांना त्या शहरात घेऊन निघाला होता. अण्णा शहात्तर वर्षांचे झाले, आता नाही तर कधी नाही. विमानाची तिकिटं आली होती, कागदपत्रं झाली होती, राहायचं तेवढं ठरायचं बाकी होतं. तीन घरं निवडून त्याने लॅपटॉपवर उघडून ठेवली होती आणि आज संध्याकाळच्या आत त्यातल्या एकाला हो म्हणायचं होतं.

पहिलं घर स्टेशनाजवळ. दोन खोल्या, लिफ्ट, आणि एक सोफा ज्याचा पलंग होतो. तिथे राहून गेलेल्या कुणीतरी लिहिलं होतं की पलंग होतो, पण मनापासून होत नाही. दुसरं तळमजल्यावर, मागे छोटं फरसबंद अंगण, न्हाणीघर ऐसपैस, मात्र खिडकीसमोर कचऱ्याचे डबे. तिसरं जुन्या वस्तीत, चौथ्या मजल्यावर. दोन खोल्या, स्वयंपाकघर, आणि त्याच्याही वर लाकडी जिन्याने जायची माळ्यावरची एक खोली. मास्तर लोकांचे अभिप्राय उत्तरपत्रिका तपासाव्यात तसे वाचत होता. नुसतं ‘छान’ लिहिणाऱ्याला त्याने एकही गुण दिला नाही, कारण पायऱ्या दाखवल्या नव्हत्या.

“स्टेशनाजवळचं घ्या,” अण्णा म्हणाले. “उतरलं की घर.”

“तुम्हीच सांगायचात, तिथल्या स्टेशनाजवळ चोर फार.”

“ते आता म्हातारे झाले असतील.”

काड्यापेटी टेबलाच्या कडेला अडकून तिरकी झाली. अण्णांनी ती हाताने सरळ केली आणि परत खाली सोडली.

खरं सांगायचं तर अण्णांनी ते शहर पाहिलं होतं ते बिस्किटाच्या डब्याच्या झाकणावर. एक नदी, एक पूल, दोन मनोरे आणि पुलावर छत्री घेतलेली एक बाई. मास्तर चार वर्षांचा असताना अण्णा आठ महिने घरात नव्हते. अण्णा कुठे गेले, अण्णा कुठे गेले, म्हणून पोराने भंडावून सोडलं, तेव्हा माईंच्या हातात तो डबा होता. त्यांनी झाकणावर बोट ठेवलं. इथे गेलेत, लिफ्टा दुरुस्त करायला.

अण्णा लिफ्टचे मिस्त्री होते, तेवढं त्यात खरं होतं. पण ते आठ महिने त्यांनी काढले घरापासून दीड तासावरच्या तुरुंगात, कच्चे कैदी म्हणून. त्यांच्या देखरेखीतल्या एका लिफ्टपायी एक माणूस गेला होता आणि दोष कुणाचा ते ठरायचं होतं. ते शेवटपर्यंत ठरलं नाही. पुरावा कमी पडला, अण्णा सुटले, आणि बिऱ्हाड दुसऱ्या गावी हलवायचं त्यांनी सुटायच्या आधीच ठरवून टाकलं होतं. घरी आले तर दारात पोर उभं. त्याने पहिला प्रश्न विचारला, तिथे बर्फ होता का? अण्णा म्हणाले, होता.

त्या एका ‘होता’वर पुढे सगळा कारखाना चालला. तुरुंगातली एकेक वस्तू अण्णांनी कपडे बदलून गोष्टीत आणली. पहाटेची शिट्टी चर्चची घंटा झाली. तुरुंगाधिकारी जाडजूड घरमालकीण झाला. ती कमरेला किल्ल्यांचा जुडगा लावून हिंडायची, रोज संध्याकाळी भाडेकरू मोजायची आणि दर सोमवारी त्यांना वजनकाट्यावर उभं करायची. ज्याचं वजन वाढलं त्याला खालच्या मजल्यावर पाठवायची, म्हणे इमारत जुनी होती. पोर हसून हसून लोळायचं. हसणाऱ्या पोराला कुठल्या बापाने थांबवलंय?

पण तिकिटं आल्यापासून अण्णा सबबी शोधत होते. गुडघे पुढे करून पाहिले, दमा पुढे करून पाहिला, शेजारणीच्या मांजराला कोण बघणार असंही विचारून झालं. कागदपत्रं करणाऱ्या माणसाने जुना पासपोर्ट मागितला, तेव्हा तो वाळवीने खाल्ला असं त्यांनी ठोकून दिलं. वर म्हणाले, ती वाळवी आता विनाव्हिसा हिंडत असेल. सगळे हसले. अण्णांना दरदरून घाम फुटला होता तो उकाड्याच्या खात्यावर गेला.

आज सकाळीच माईंनी ओट्याशी त्यांना गाठलं होतं. “मी पोराला एक वाक्य सांगितलं होतं,” त्या हळूच म्हणाल्या होत्या. “त्यावर सात मजले तुम्ही चढवलेत. आता उतरा.”

उतरायचं कसं, हे मात्र त्यांनाही सांगता आलं नव्हतं.

“एक करू या,” सूनबाई म्हणाली आणि तिने कोरा कागद पुढे ओढला. ती इमारतींचे नकाशे काढायच्या कचेरीत होती. कागदावर उतरल्याशिवाय तिला कुठलीच जागा दिसायची नाही. “अण्णा, तुमची तिथली खोली सांगा मला. मी काढते. तिन्हींतलं कुठलं जवळचं वाटतं ते बघू. ह्यांना एवढी हौस आहे, तर तसंच काहीतरी शोधू.”

अण्णा म्हणाले, आता कुठे आठवतंय. मास्तर म्हणाला, तुम्हाला नसेल, मला आठवतंय. आठ पावलं लांब, पाच पावलं रुंद.

सूनबाईने चौकोन काढला. खिडकी कुठे, असं विचारल्यावर बापलेक दोघांनी एकदम वर हात दाखवला. उंच होती, लहान होती, तिच्यातून आकाश दिसायचं, रस्ता नाही.

“गज?”

“होते,” अण्णा म्हणाले. “तिकडे कबुतरं फार.”

तिने गज काढले. पलंग कसला होता म्हणून विचारलं, तर दगडी. थंड मुलखात दगड ऊब धरून ठेवतो, हे अण्णांनी सांगितलं आणि मास्तरने मान डोलावली. दगडाच्या उबेवर त्याने लहानपणी वर्गात निबंध वाचला होता. न्हाणीघर खोलीतच, कोपऱ्यात, अर्ध्या भिंतीआड. पेन्सिल चालत होती. अण्णा ती रेघ पुढे सरकताना बघत होते. चाळीस वर्षं सांगितलेली गोष्ट त्यांनी आजवर ऐकली होती, कागदावर कधी पाहिली नव्हती. गोष्टीत ती खोली केवढी ऐसपैस वाटायची.

“दार?”

“लोखंडी,” मास्तर म्हणाला. “आणि बाहेरच्या बाजूला उघडणारं. कडीपण बाहेरूनच. घरमालकीण पहाटे पाचला येऊन काढायची. भाडेकरू झोपेत चालत जाऊन जिन्यावरून पडू नयेत म्हणून तिथे तसा कायदाच होता. हो ना, अण्णा?”

“होता.”

दार कुठल्या बाजूला उघडतं ते दाखवणारी कमान सूनबाईने बाहेर वळवली. त्या कमानीच्या टोकाशी, चौकोनाच्या बाहेर, कडीची एक बारकी रेघ मारली. मग पेन्सिल थांबली. दिवसातून दहा नकाशे तिच्या हाताखालून जायचे. स्वयंपाकघर म्हणून दाखवलेली जागा खरं म्हणजे गोदाम आहे, हे ती दारावरून सांगायची. तिने कागदाकडे पाहिलं आणि मग अण्णांच्या हाताकडे. त्यांनी काड्यापेटीचा दोरा तर्जनीला इतका आवळून गुंडाळला होता की पेर पांढरंफटक पडलं होतं.

“आतून कडी नव्हतीच?” तिने हळूच विचारलं.

“लागली नाही कधी,” अण्णा म्हणाले.

माई मटार सोलत राहिल्या. सोललेले दाणे सालींत पडत होते.

सूनबाईने कागद पालथा केला. मग ती एकदम घाईने बोलायला लागली. तिचं म्हणणं, तळमजल्याचंच घर बरं. माईंचे गुडघे, अण्णांचे गुडघे, त्यात चौथा मजला आणि वर तो लाकडी जिना. कचऱ्याच्या डब्यांचं काय, पडदा ओढला की संपलं. आणि आठ दिवस राहायला जायचं तर आठवणी कशाला उकरायच्या, जरा मोकळं हिंडावं, बसावं. अण्णांनी लगेच री ओढली. अंगण आहे, ऊन येईल, तळमजलाच घ्या.

मास्तरने लॅपटॉपचं झाकण अर्धं मिटलं. तो चिडणाऱ्यांतला नव्हता. वर्गातसुद्धा आवाज चढवायचा नाही.

“मी एक सांगितलं नाहीये कधी,” तो म्हणाला. “चौथीत होतो. आपल्या आधीच्या गावाहून बदली होऊन आलेल्या एका कारकुनाचा मुलगा होता वर्गात. तो सगळ्यांसमोर म्हणाला, ह्याचा बाप परदेशात नव्हता, तुरुंगात होता. मी त्याचा दात पाडला.”

सूनबाईने तो पालथा कागद स्वतःकडे ओढून घेतला.

“पुढचा. पक्का दात. हेडमास्तर म्हणाले, माफी माग. मी म्हटलं, नाही मागणार, खोटं तो बोललाय. मग आठवडाभर बाकावर उभं केलं मला. उभा राहिलो. घरी सांगितलं नाही, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून.” तो थोडा हसला. “तेव्हाच ठरवलं होतं, मोठा झालो की ती खोली बघायची. आता ती खोली नसेल, कबूल. निदान तसली एखादी.”

अण्णांनी बोटावरचा दोरा सोडवला. पेरात रक्त परत यायला वेळ लागतो. तोवर ते त्या बोटाकडेच बघत राहिले. आठवडाभर म्हणजे सहा दिवस. दिवसाचे पाच तास धरले तरी तीस. चार फूट उंचीचं पोर, त्यात बाकावर उभं, म्हणजे सगळ्या वर्गाच्या वर. आणि तो दात पडलेला पोरगा खाली बसून त्याच्याकडे बघत असेल, खरं बोलून.

“तिसरं घे,” अण्णा म्हणाले.

“अण्णा, नको,” सूनबाई म्हणाली.

“घे म्हणतोय ना. माळ्यावरची खोली मला. आठ महिने काढले, तिथे आठ दिवसांचं काय.”

माईंनी त्यांच्याकडे पाहिलं. चाळीसहून जास्त वर्षांच्या संसारात त्यांनी अण्णांना नाना रूपांत पाहिलं होतं, पण इतकं आज्ञाधारक कधी पाहिलं नव्हतं. मास्तरचा चेहरा मात्र लख्ख उजळला. त्याने लॅपटॉप उघडला, घराच्या मालकिणीला दोन ओळी लिहिल्या, आणि पाच मिनिटांत तिचा निरोप आला की ती घरातच आहे, हवं तर समोरासमोर बोलू, खोल्या दाखवते.

व्हिडिओ कॉलची घंटी वाजत होती तेवढ्या वेळात अण्णांना तो इस्त्रीवाला दिसला. तसा तो त्यांना अधूनमधून दिसायचाच. आज तो पाठमोरा नव्हता, एवढंच. तेव्हा अण्णांच्या देखरेखीतल्या त्या इमारतीत चौथ्या मजल्यावरच्या लिफ्टच्या दाराचं कुलूप बिघडलं होतं. नवीन कुलूप यायला दोन दिवस होते. दार धड लागत नाही म्हणून लिफ्ट हलत नव्हती, हलू नये म्हणूनच तर दाराला स्विच असतो. पण लोकांनी अण्णांचं डोकं खाल्लं, म्हाताऱ्यांनी जिने चढायचे का म्हणून. अण्णांनी तारेचा एक वीतभर तुकडा घेतला आणि स्विचची दोन टोकं जोडून टाकली. सगळेच मिस्त्री तसं करायचे. दार बंद आहे असं लिफ्टला वाटत राहायचं, ती चालायची, लोक गप्प बसायचे. दोन दिवसांचा तर प्रश्न. दुसऱ्या दिवशी दुपारी इस्त्रीवाला चौथ्या मजल्यावर कपडे घ्यायला-द्यायला आला. हनुवटीपर्यंत गठ्ठा. परत निघताना त्याने दार पायाने ओढलं, ते उघडलं, आणि दार उघडलं म्हणजे लिफ्ट आली असं समजून तो आत गेला. लिफ्ट तळमजल्याला होती. अण्णा धावत पोचले तेव्हा त्यांना पहिल्यांदा दिसले ते कपडे. गठ्ठा उंबऱ्याशीच निसटून पडला होता. एकाही सदऱ्याची घडी मोडली नव्हती.

पडद्यावर मालकीण आली. साठीची असेल, डोक्यावर चष्मा, हातात फोन घेऊन जिना चढत होती आणि धापा टाकत बोलत होती. मास्तर वर्गात समजावून सांगावं तसा एकेक शब्द सोडवून इंग्रजीत बोलत होता. तिने स्वयंपाकघर दाखवलं, माईंसाठी न्हाणीघरातली धरायची दांडी दाखवली, आणि मग माळ्यावर नेलं. उतरतं छप्पर. पांढऱ्या भिंती. उंचावर एक लहानशी खिडकी, तिच्यात ढगाचा तुकडा. भिंतीलगत एक अरुंद पलंग. खोलीला एकच दोष आहे, ती दिलगिरीच्या सुरात म्हणाली. वाऱ्याने दार रात्रंदिवस आपटतं, म्हणून नवऱ्याने कडी बसवली होती, पण वेंधळ्याने ती बाहेरच्या बाजूला बसवली.

“बघा!” मास्तरने टेबलावर थाप मारली. मटारचे दोन दाणे घरंगळत खाली गेले.

त्याने त्या बाईंना सांगितलं की ती कडी अजिबात काढू नका. माझे वडील ह्याच शहरात, अशाच खोलीत आठ महिने राहिलेत. बाईंनी डोक्यावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला, फोन जवळ आणला आणि अण्णांना बघून हात हलवला. अण्णांनीही हलवला. कुठे, काय काम करायचे ते? मास्तरने सांगितलं. बाई ओशाळं हसली. म्हणाली, त्यांना सांगू नका, पण मी जन्मात लिफ्टमध्ये पाऊल टाकत नाही, भीती वाटते. म्हणून तर बघा, ह्या वयात चार जिने.

तेव्हा मास्तर सरसावून बसला. एखाद्या घाबरलेल्या विद्यार्थ्याला धीर द्यावा तसा तो तिच्याशी बोलला, बराच वेळ बोलला. बाई मान हलवत राहिली. मग माईंना इंग्रजी कळलं नसेल म्हणून तो त्यांच्याकडे वळला.

“तिला म्हटलं, अण्णांनी उभा जन्म लिफ्टा सांभाळल्यात, तिथेही आणि इथेही. त्यांच्या लिफ्टमध्ये कधी कुणाला साधं खरचटलंसुद्धा नाही.”

उभ्या आयुष्यात अण्णांनी सांगितलेल्या थापा एकावर एक रचून इमारत केली असती तर तिलाही लिफ्ट लागली असती. पण ही त्यांची नव्हती. ही त्यांनी कधीच, कुणालाच सांगितली नव्हती. आज पहिल्यांदा ते ऐकणाऱ्याच्या जागी बसले होते, आणि पडद्यावरची ती अनोळखी बाई चष्म्याआडून त्यांच्याकडे विश्वासाने बघत होती.

“खोटं आहे ते,” अण्णा म्हणाले.

मास्तर हसला. पुढे काहीतरी फोडणी येणार म्हणून त्याने मालकिणीला हाताने थांबायची खूण केली आणि वडिलांकडे वळून बसला.

“एक इस्त्रीवाला होता,” अण्णा म्हणाले.